ऑइल खाणारी मोटरसायकल, कोल्हापूरची शोरूम आणि चिक्कोडीचे पासिंग

प्रश्न : वकीलसाहेब, मी निपाणी तालुक्यातला. २० महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या शोरूममधून कर्ज काढून मोटरसायकल घेतली. पासिंग चिक्कोडीचे, केए २३. सकाळ-संध्याकाळ तिच्यावरून दूध घालतो. १२,००० किलोमीटरनंतर गाडी ऑइल खाऊ लागली, सकाळी स्टार्ट केल्यावर टायमिंग चेन खडखडते. चारदा दाखवली, दरवेळी ‘आवाज नॉर्मल आहे’ हेच उत्तर. आता म्हणतात, तिसरी सर्व्हिस उशिरा केली म्हणून पाच वर्षांची वॉरंटी गेली, आणि कर्नाटक पासिंगच्या गाडीची केस कोल्हापुरात चालत नाही. याच मॉडेलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अनेकांचे हेच रडगाणे आहे. नवी गाडी मिळेल का?

उत्तर : शोरूमवाल्याचे शेवटचे म्हणणे आधी निकालात काढू. ग्राहक तक्रारीचा आणि नंबर प्लेटचा काही संबंध नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार समोरच्याचा धंदा जिथे आहे, तक्रारीचे कारण जिथे घडले किंवा तक्रारदार जिथे राहतो, यांपैकी कुठल्याही जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. म्हणजे बेळगाव आणि कोल्हापूर दोन्ही दारे तुम्हाला उघडी आहेत. माझे मत कोल्हापूरच्या बाजूचे. निपाणीहून ते जवळ पडते, शोरूमची जॉब कार्डे (गाडी दाखवली की तक्रार आणि काम लिहितात तो कागद) आणि माणसे तिथेच आहेत, आणि कामकाज मराठीत होते. बेळगावात गेलात तर मराठी कागदांना कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडण्याची तयारी ठेवा. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फी नाही.

दूध घालता म्हणून ‘व्यापारी वापर’ असा आक्षेप हमखास येईल. घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवून केलेला वापर कायद्याने त्यातून वगळला आहे. मात्र कॅन किती लिटरचे आणि किती, हे तक्रारीत स्वतःहून लिहा. २० लिटरचे दोन कॅन म्हणजे मागे बसणाऱ्या एका माणसाएवढेही वजन नाही. पण आकडा दिला नाही तर ‘ओव्हरलोड’चा मुद्दा ते उभा करतील.

आता खरे दुखणे. इंजिनात उत्पादनदोष आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची आहे आणि ‘गाडी ऑइल खाते’ एवढ्याने ते होत नाही. सीलबंद ऑइल टेस्टची मागणी शोरूमकडे लेखी करा. जुने ऑइल पूर्ण काढून नवे मोजून भरायचे, ड्रेन बोल्ट आणि डिपस्टिकवर सील किंवा पेंटची खूण करायची, किलोमीटर लिहायचे आणि १,००० किलोमीटरनंतर निघालेले ऑइल दोघांसमोर मोजायचे. एक लिटर भरून ७०० मिली निघाले तर हिशेब कागदावर आला. मध्ये ५०० किलोमीटरला शोरूममध्येच सील काढून पातळी पाहून घ्या. ती खालच्या खुणेखाली असेल तर गाडी तिथेच थांबवून तशी नोंद घ्या. ऑइलविना इंजिन चालवून जाळले हा ठपका तुमच्यावर नको.

धूर कधी येतो तेही टिपून ठेवा. तवंदी घाट उतरताना थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर निळा झोत आला तर संशय वॉल्व सीलवर, म्हणजे वॉल्वजवळून ऑइल आत जाऊ न देणाऱ्या रबरी सीलवर. चढाला सतत निळा धूर असेल तर पिस्टनची रिंग किंवा सिलिंडरची आतली भिंत, म्हणजे बोअर. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, कोरडी आणि मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून, अशी दोनदा करायला सांगा. दुसऱ्यांदा प्रेशर बऱ्यापैकी वाढले तर रिंगकडे बोट जाते. आणि एक गोष्ट. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालणारा असेल तर ऑइल कमी झाल्यावर चेन खडखडणारच. म्हणजे तुमच्या दोन तक्रारी मुळात एकच असू शकतील, आणि शोरूमने उद्या ‘टेन्शनर झिजणारा पार्ट आहे’ असे उत्तर दिले तर त्याची हवा निघते.

तोवर बाहेरच्या मेकॅनिककडे इंजिनाचे हेड उघडू नका. उघडलेल्या इंजिनावर तज्ज्ञाचा अहवाल टिकत नाही. तक्रार दाखल झाल्यावर कलम ३८ खाली तपासणी मागता येते; तिचा खर्च आधी तुम्हालाच भरावा लागतो.

जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ लिहून घेऊ देऊ नका. ‘१,००० किमीत इतके ऑइल कमी, थंड इंजिनाला टायमिंग चेनचा आवाज’ असे तुमच्या शब्दांत लिहा, मीटरचा आकडा घाला, फोटो काढा. ‘काम समाधानकारक’वर डोळे झाकून सही नको.

सर्व्हिसचा उशीर ही तुमची कच्ची बाजू आहे, हे स्पष्ट सांगतो. पण तेवढ्याने वॉरंटी आपोआप मरत नाही. उशीर किती झाला आणि त्यामुळेच हा बिघाड कसा झाला, हे तक्रारीआधी पाठवायच्या नोटिशीत त्यांना विचारा. ऑइल बदलल्याची बिले असतील ती जोडा.

नव्या गाडीची आशा फार धरू नका. सुप्रीम कोर्टाने २००६ साली मारुती उद्योगच्या प्रकरणात, वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचेच बंधन असल्यामुळे पूर्ण गाडी बदलण्याचा आदेश रद्द केला होता. म्हणून मागणी पायरीपायरीने लिहा : इंजिनाची मोफत दुरुस्ती किंवा बदली, ते जमत नसेल तर किंमत परत, शिवाय गाडी बंद असलेल्या दिवसांचे दूधभाडे आणि खर्च. शोरूम आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा.

ग्रुपवरचे शंभर मेसेज एका बाजूला आणि दोघा मालकांची जॉब कार्डांसह प्रतिज्ञापत्रे एका बाजूला, दुसरे जड. बरेच जण तयार असतील तर कलम ३५ नुसार आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करता येते. सक्तीच्या रिकॉलचा, म्हणजे सरकारने कंपनीला सगळ्या गाड्या परत बोलवायला लावण्याचा रस्ता मात्र सुरक्षेला किंवा पर्यावरणाला बाधक दोषांचा आहे, त्यात वेळ घालवू नका.

तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची. शोरूम ती पहिल्या जॉब कार्डापासून मोजेल, तेव्हा तुम्हीही तिथूनच मोजा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस दोघांना पाठवा, मग आयोग. कर्जाचे हप्ते मात्र थांबवू नका. बँकेचा करार वेगळा आहे आणि गाडी ओढून नेली तर तपासायला इंजिनच हाती राहणार नाही.