तुमचे प्रश्न: कादंबरीत इंग्रज कुठेय?

प्रश्न: नमस्कार ताई, मी पहिलीच कादंबरी लिहितेय. पुणे जिल्ह्यातल्या भीमथडीतली दोन घरं आहेत, एक कुणब्याचं आणि एक मारवाडी सावकाराचं, काळ साधारण १८६० ते १८८०. एका मित्राला वाचायला दिली तर तो म्हणाला यात एकही गोरा माणूस नाही, मग ही पारतंत्र्यातली कादंबरी कशी? एखादा कलेक्टर टाकू का? आणि सुप्याला १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध दंगा झाला, त्यावर शेवट केला तर चालेल ना?

उत्तर: कलेक्टर अजिबात टाकू नका हो! त्या काळच्या कुणब्याने जन्मात गोरा साहेब जवळून पाहिला असेल की नाही शंकाच आहे, त्याच्या घरात सरकार यायचं ते कागद होऊन, आणि तो कागद तुमच्या दोन्ही घरांच्या मधोमध पडलेला आहे. तो नीट दाखवलात की मित्राला उत्तर मिळालं.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याचंच घ्या. कर्जाच्या खताला, म्हणजे लेखी कर्जरोख्याला, तीन वर्षंच मुदत, त्यानंतर दावा लावता यायचा नाही, हेतू असा की व्याज साचत राहू नये. झालं उलटंच. सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायला लागले आणि जुनं व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून बसायला लागलं. समजा १०० रुपये घेतले वर्षाला शेकडा २५ ने, तीन वर्षांनी १७५ चं नवं खत, अजून तीन वर्षांनी ३०६ रुपये ४ आणे. आपल्याकडे दामदुपटीचा रिवाज होता, व्याज मुद्दलाच्या वर जायचं नाही, म्हणजे एकाच खतावर २०० च्या पुढे मागता आलं नसतं, पण खतच नवं म्हटल्यावर दामदुपट कुणाला सांगणार?

हा सीन तुम्ही सावकाश लिहा, घाई नको. ओसरीवर खत लिहिलं जातंय, कुणब्याला वाचता येत नाही, दुसरा कुणीतरी वाचून दाखवतो तेवढंच त्याला कळतं, मग खाली नांगराची निशाणी. त्याची बायको दाराआडून ऐकतेय की आकडा मागच्यापेक्षा मोठा झाला पण घरात तर एक रुपया नवीन आला नाही. पुढे कोर्टाचं समन्स, पेरणी सोडून कोण जाणार, एकतर्फी हुकूमनामा, जप्ती. इंग्रजी अंमल तो हाच ना!

सावकाराला खलनायक करू नका एवढी विनंती. कापसाच्या तेजीत, म्हणजे अमेरिकेत यादवी चालू होती १८६१ ते ६५, तेव्हा त्यालाही वरच्या बड्या सावकारांकडून पैसा मिळत होता म्हणून तो सढळ हाताने देत होता, युद्ध संपलं, भाव कोसळले, वरचे मागायला लागले तसा तोही खाली मागायला लागला. त्यातच १८६७ पासून जमिनीच्या साऱ्याची, म्हणजे सरकारी कराची, फेरआकारणी, इंदापुरापासून सुरुवात, कित्येक गावांत सारा दीडपट नि त्याहून जास्त. सरकारचा हप्ता चुकवता येत नाही, मग कुणबी परत त्याच ओसरीवर. १८७४ च्या शेवटी शिरूरकडे करड्याला गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला होता, तसं काही तुमच्या गावात घडलं तर सावकाराच्या घरातल्या बायका पोरांचं काय होतं तेही येऊ द्या, माझ्या मते कादंबरीचा जीव तिथे आहे.

आता शेवट. १२ मे १८७५, सुप्याचा बाजार, लोकांनी सावकारांच्या वह्या नि खतं जाळली. मारामारीपेक्षा कागद मिळवण्यावर लोकांचा जोर होता, म्हणजे दुखणं कुठे आहे ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. पण इथे थांबू नका, कारण लगेच पुढच्या वर्षी दुष्काळ सुरू झाला, १८७६ ते ७८, आणि दाणा हवा तर जायचं कुणाकडे? वही जाळली त्याच्याकडेच का? आणि त्याने द्यायचं का? तुम्ही १८८० पर्यंतचा काळ धरलाच आहे तर १८७९ चा दख्खन शेतकऱ्यांचा कायदाही घ्या, त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशोब तपासता यायला लागला. एक दावा कोर्टात उभा करा, दोन्ही घरं समोरासमोर आणि मूळचे १०० रुपये कुठून कुठे गेले ते सगळ्यांदेखत वाचलं जातंय. शेवट मी तिथे करेन.