गोळी सुरू करण्याआधी ती बंद कशी करायची ते विचारून घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ 23 वर्षांचा, तीन महिने झोप नाही, कामावर दांड्या, आणि मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम 10 आणि क्लोनाझेपाम 0.5 मिलिग्रॅम अशी एकाच गोळीत दोन औषधं दिलीत, रोज रात्री एक. आई म्हणते सवय लागेल, तो म्हणतो बघू. आमच्या घरात अगदी हीच गोळी आली होती, म्हणून सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही. यातला कुठलाही बदल त्यांना विचारल्याशिवाय करू नका.

आईची भीती अर्धी खरी आहे. सवय लागते ती क्लोनाझेपामची. एस्सिटालोप्रामची तलफ येत नाही, पण शरीर त्याला सरावतं, त्यामुळे तेही एकदम सोडता येत नाही. दोघांची कामं वेगळी आणि मुदतही वेगळी. एस्सिटालोप्राम हे उदासीवरचं औषध, त्याचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, सहा आठवड्यांआधी त्याला नापास करू नये, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ते चालू ठेवायचं असतं. क्लोनाझेपाम फक्त सुरुवातीची तगमग आणि झोप सांभाळायला, दोन ते चार आठवडे, बस. एकाच गोळीत घातलं की जे महिन्यात निघायला हवं ते वर्षभर पोटात जात राहतं. गोळी अर्धी केली तर दोन्ही अर्धी होतात, एकच कमी करता येत नाही. पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा, दोन नावं तिथे असतात. डॉक्टरांना सरळ सांगा, "दोन्ही वेगवेगळ्या गोळ्यांत द्या, आणि क्लोनाझेपाम किती दिवस ते चिठ्ठीवर लिहा." याच भेटीत एस्सिटालोप्राम पहिला आठवडा 5 वर ठेवता येईल का तेही विचारा, मळमळ कमी होते.

आता ज्या चुकीने आम्हाला सगळ्यात जास्त भोगायला लावलं ती. बरं वाटू लागलं, पाकीट संपलं, नवं आणलंच नाही. दवाखान्यात फोन केला की एकच उत्तर: नंबर लावा, तीन आठवड्यांनी या. गोळी थांबवायची कशी हे चिठ्ठीवर एका ओळीनेही नव्हतं. दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, भलती स्वप्नं, आणि मान किंवा डोळे फिरवले की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका. घरचे म्हणतात आजार परतला. फरक असा ओळखा: औषध तुटल्याचा त्रास काही दिवसांतच, झटके-चकरांसह येतो आणि गोळी पुन्हा सुरू केली की लवकर निवतो. आजार परततो तो हळूहळू, कित्येक आठवड्यांनी, जुन्याच उदासीच्या वाटेने. क्लोनाझेपाम बरेच दिवस घेऊन एकदम थांबवलं तर फिटही येऊ शकते, त्यात अजिबात धोका पत्करू नका. म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचं: त्रास झाला तर कुणाला फोन करू, पुढची तारीख कोणती, आणि थांबवताना किती आठवड्यांत किती कमी करायचं. उत्तर मिळत नसेल तर डॉक्टर बदलायला लाजू नका. आपल्या नागपुरात मेडिकल कॉलेज, मेयो रुग्णालय, मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. मागच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला आपली कागदपत्रं मागण्याचा हक्क आहे.

घ्यावी का? माझं मत: उदास असूनही जेवण, काम, झोप चालू असेल तर आधी समुपदेशन करून बघायला हरकत नाही. तीन महिने झोप नाही आणि काम सुटतंय, तर मी घ्या म्हणेन, समुपदेशनाच्या जोडीने. पण निर्णय तुमच्या भावाचा, आईचा नाही.

डॉक्टरांना एक गोष्ट आपणहून सांगा: त्याला किंवा जवळच्या नात्यात कुणाला कधी दोन-तीन तास झोपूनही भलताच उत्साह, अखंड बडबड, उधळपट्टी असं झालं होतं का. तसं असेल तर नुसती उदासीची गोळी त्याला उलट टोकाला नेऊ शकते. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 ही तपासून घ्या.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याच्याकडे लक्ष ठेवा. 25 च्या आतल्या मुलांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अस्वस्थ येरझारा, एकदम चिडचिड किंवा "आता काही उरलं नाही" अशी भाषा दिसली तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-बेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चालू असतो, मराठीतही बोलतात. दारू बंद. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं या गोळीसोबत पोटात रक्तस्रावाचा धोका वाढवतात, आणि ट्रॅमाडॉल तर विचारल्याशिवाय नकोच.

लैंगिक इच्छा कमी होणं हा नेहमीचा दुष्परिणाम आहे, आणि मुलं याच कारणाने गुपचूप गोळी सोडतात. आईसमोर तो हे बोलणार नाही. त्याला डॉक्टरांसोबत दहा मिनिटं एकट्याला बसू द्या, तुम्हीही बाहेर थांबा.

आपल्याकडचा उन्हाळा म्हणून एक जास्तीचं: या गोळीने घाम वाढू शकतो, पाणी कमी पडू देऊ नका. सीताबर्डीवरून औषध आणून स्कूटीच्या डिकीत विसरू नका. मे महिन्यात ती डिकी भट्टी होते, आणि गोळ्या तर 30 अंशांखाली ठेवायच्या असतात.