पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) मायटोसिस-मिओसिसमध्ये (पेशीविभाजनाचे दोन प्रकार) क्रोमोसोम आणि डीएनए मोजताना चुकतं, कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर विभाजनही दिसत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की दहावी खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून झाली आणि आता बेळगावात पीयूसी सायन्सच्या पहिल्या वर्षाला सगळं इंग्रजीतून आहे. अवस्थांची नावं पाठ आहेत, पण 'एस फेजनंतर क्रोमोसोम किती?' असं विचारलं की आकडा हुकतो. दोन्ही अडचणी सुटण्यासारख्या आहेत. आधी आकड्यांचं बघू.

क्रोमोसोम मोजायचा असेल तर सेंट्रोमिअर (दोन प्रती जिथे जोडलेल्या असतात तो बिंदू) मोजा, डीएनए मोजायचा असेल तर क्रोमॅटिड (क्रोमोसोमची एकेक प्रत) मोजा. बाकी सगळं यातून निघतं. पुस्तकात जो इंग्रजी एक्ससारखा आकार काढलेला असतो, त्याला दोन क्रोमॅटिड आहेत पण सेंट्रोमिअर एकच आहे. म्हणून तो एक क्रोमोसोम. बहुतेक मुलं त्याला दोन धरतात आणि तिथून पुढचं सगळं गणित दुप्पट होत जातं.

आता कांदाच घ्या. त्याच्या मुळाच्या पेशीत १६ क्रोमोसोम असतात, पाठ्यपुस्तकातला प्रश्नही याच आकड्यावर आहे. जी-१ मध्ये (डीएनएची प्रत तयार होण्याआधी) १६ क्रोमोसोम, प्रत्येकाला एकच क्रोमॅटिड, म्हणजे डीएनएचे १६ रेणू. डीएनएचं हे प्रमाण २सी, १सी म्हणजे त्याच्या निम्मं. एस फेजमध्ये डीएनएची प्रत तयार होते, पण दोन्ही प्रती सेंट्रोमिअरपाशी जोडलेल्याच राहतात. म्हणून एस नंतर आणि जी-२ मध्ये (विभाजनाच्या आधीचा टप्पा) क्रोमोसोम १६च, डीएनए मात्र ४सी. मेटाफेजला, म्हणजे क्रोमोसोम मधोमध रांगेत येतात तेव्हाही, तेच. अ‍ॅनाफेज (क्रोमोसोम टोकांकडे ओढले जाण्याची अवस्था) सुरू होताना सेंट्रोमिअर दुभंगतात आणि त्या क्षणी एका पेशीत ३२ क्रोमोसोम होतात. पेशी विभागली की प्रत्येकीत पुन्हा १६ आणि २सी. मायटोसिसमध्ये ३२ हा आकडा अ‍ॅनाफेजपासून पेशी पूर्ण वेगळ्या होईपर्यंतच येतो, दुसरीकडे कुठेही लिहिलात तर चूक.

मिओसिसमध्ये गफलत होते ती पहिल्या अ‍ॅनाफेजला. तिथे सेंट्रोमिअर दुभंगत नाहीत. जोडीतला एक अख्खा क्रोमोसोम एका टोकाला जातो, दुसरा दुसऱ्या टोकाला. म्हणजे त्या अ‍ॅनाफेजला पेशीत एकूण १६च, दोन्ही टोकांना ८-८. पहिलं विभाजन संपलं की प्रत्येक पेशीत ८ क्रोमोसोम, पण प्रत्येकाला अजून दोन क्रोमॅटिड, म्हणून डीएनए २सी. 'क्रोमोसोम निम्मे झाले, मग डीएनए १सी का नाही?' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. दुसऱ्या विभाजनात सेंट्रोमिअर दुभंगतात आणि शेवटी ८ क्रोमोसोम, १सी. कांद्याच्या परागकणाच्या केंद्रकात ८, मुळाच्या पेशीत १६ आणि बियातल्या एंडोस्पर्ममध्ये (अंकुराला अन्न पुरवणारा भाग) तीन केंद्रकं एकत्र आल्यामुळे २४. हे तीन आकडे एकाच प्रश्नात विचारता येतात, तेव्हा तयार ठेवा.

या दोन विभाजनांचा खरा फरक आपल्या शिवारात रोज दिसतो. चिकोडी-रायबागकडे उसाची लावण कांड्यांनी होते. कांडीवरचा डोळा फुटून जो ऊस येतो तो पूर्णपणे मायटोसिसने वाढलेला असतो, खोडवाही तसाच. म्हणून को ८६०३२ ही जात लावली की को ८६०३२च येतो. मक्याचं उलट. हायब्रीड मक्याचं पीक एकसारखं दिसतं, पण त्याचं घरचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर ताटं लहान-मोठी येतात आणि कणसंही एकसारखी भरत नाहीत. कारण बी धरण्याआधी मिओसिस झालेला असतो. मक्यात क्रोमोसोमच्या १० जोड्या आहेत. कोणत्या जोडीतला कोणता क्रोमोसोम कुठे जाईल हे प्रत्येक जोडीचं स्वतंत्र ठरतं, त्यामुळे नुसत्या या वाटपातूनच २ चा १० वा घात, म्हणजे १०२४ प्रकारची जननपेशी बनू शकते. क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या क्रोमोसोममधली तुकड्यांची अदलाबदल) त्याच्यावर आणखी वेगळं. मेंडेलचा स्वतंत्र वाटपाचा नियम पुढच्या वर्षी येईल तेव्हा हा पहिला मेटाफेज डोळ्यांपुढे ठेवा. नियम तिथेच घडतो.

आता स्लाइड. विभाजन न दिसण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मुळाचा चुकीचा भाग घेतला जातो. पेशी विभागतात त्या टोकाच्या जेमतेम १-२ मिलिमीटरमध्ये. त्याच्या वरच्या भागातल्या पेशी फक्त लांब होत असतात. तुमच्या स्लाइडवर लांबट आयताकृती पेशी आणि प्रत्येकीत एकेक गोल केंद्रक दिसत असेल, तर तुम्ही वरचा भाग दाबलाय.

कांद्याची जुनी वाळकी मुळं ब्लेडने खरवडा, पण खालच्या चकतीला इजा करू नका. पाण्याने भरलेल्या ग्लासच्या तोंडावर कांदा असा ठेवा की चकती फक्त पाण्याला टेकेल. पाणी रोज बदला, नाहीतर कांदा कुजतो. तीन ते सहा दिवसांत मुळं २-३ सेंटिमीटर होतात. टोकं सकाळी कापा आणि लगेच फिक्सेटिव्हमध्ये (पेशी आहे त्या स्थितीत टिकवणारं द्रावण) टाका: ग्लेशिअल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड एक भाग, अल्कोहोल तीन भाग, त्याच दिवशी मिसळलेलं. २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवली की बरेच दिवस टिकतात.

रंगवताना वॉच ग्लासमध्ये अ‍ॅसिटोकार्मिनचे ९ थेंब आणि १ नॉर्मल (1N) तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा १ थेंब घ्या. स्पिरिटच्या दिव्यावर हलकं गरम करा, वाफ दिसली की बाजूला घ्या, असं तीन-चार वेळा. उकळू द्यायचं नाही. मग १५-२० मिनिटं झाकून ठेवा. अ‍ॅसिड पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल करतं. ते कमी पडलं तर पेशी एकमेकींवर थराने राहतात, जास्त झालं तर टोक नुसतं लगदा होतं.

रंगल्यावर टोकाचा भाग गडद दिसतो, कारण तिथल्या पेशी लहान आणि केंद्रकं दाट असतात. तेवढाच गडद तुकडा ठेवा, उरलेलं मूळ ब्लेडने काढून टाका. कव्हर स्लिप ठेवा, वर फिल्टर पेपरची घडी, आणि अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा बाजूला सरकला की क्रोमोसोम फरफटतात. पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलके ठोके दिले तर पेशी आणखी पसरतात.

आधी १० एक्सवर चौकोनी, दाट भरलेल्या पेशींचा पट्टा शोधा, मगच मोठ्या भिंगावर जा. बहुसंख्य पेशी इंटरफेजमध्येच (दोन विभाजनांमधला काळ) दिसणार, त्याने स्लाइड फसली असं समजू नका. चक्राचा बहुतेक वेळ तिथेच जातो. विभागणाऱ्यांत प्रोफेज (विभाजनाची पहिली अवस्था) जास्त सापडतात, अ‍ॅनाफेजसाठी शोधाशोध करावी लागते. मेटाफेज बाजूने दिसला तर मधोमध आडवी पट्टी दिसते, पण पेशी उभी दबली असेल तर तोच मेटाफेज वरून गोलाकार पसरलेला दिसतो. त्याला हमखास प्रोफेज लिहिलं जातं. केंद्रकाचं आवरण नाही, क्रोमोसोम जाड आणि सुटे आहेत, म्हणजे मेटाफेज. टेलोफेज (शेवटची अवस्था) ओळखायला दोन केंद्रकांच्या मध्ये तयार होणारी सेल प्लेट (नवी पेशीभिंत) पाहा. ती मधून सुरू होऊन कडांकडे वाढते.

मुळाच्या टोकात मिओसिस शोधत बसू नका, तिथे तो होतच नाही. त्यासाठी कांद्याला डेंगळे (फुलांचे दांडे) आले की न उमललेल्या अगदी लहान कळ्या घ्या, त्याच फिक्सेटिव्हमध्ये २४ तास ठेवा आणि परागकोश काढून तो अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये दाबा. एकाच गुच्छात लहान-मोठ्या कळ्या असतात, लहानापासून सुरू करा. परागकोश पिवळा झाला असेल तर परागकण तयार झालेले असतात आणि विभाजन कधीच उरकलेलं असतं.