पाचवीतल्या मुलीला गणित शिकवायला इंटरनेटवर फुकटात काय चांगलं मिळेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी मराठी माध्यमात पाचवीला आहे, गुणाकार आणि अपूर्णांकात अडते, क्लास परवडत नाही आणि घरात एकच मोबाईल आहे. मी शिक्षक नाही. सोलापुरात अशोक चौकाकडे राहतो, चादरी-टॉवेलची जेकार्ड डिझाईन काढतो. पण माझी लेक गेल्या वर्षी पाचवीतच होती आणि नेमकी याच दोन ठिकाणी अडली होती, म्हणून लिहितोय.

आधी माझी फजिती सांगतो. सुरुवातीला एक ॲप घेतलं. एक प्रश्न, चार पर्याय, बरोबर आलं की चांदणी. पोरगी रोज ढीगभर चांदण्या दाखवायची, आम्ही खूश. एकदा गुपचूप मागे उभा राहिलो तर बाई प्रश्न वाचतच नव्हती! एक पर्याय दाबायचा, लाल झाला की दुसरा, मग तिसरा. कधीतरी हिरवा होणारच. ते ॲप त्याच रात्री काढून टाकलं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट बघतो: पोराचं चुकलं तर 'चूक' एवढंच सांगतं, की कुठे चुकलं ते डोळ्यांना दिसतं?

या कसोटीला उतरलेलं पहिलं म्हणजे 'फेट'. शोधताना इंग्रजीत पी-एच-ई-टी अशी अक्षरं टाका. स्क्रीनवर बोटाने ओढून, तोडून बघायचे छोटे-छोटे प्रयोग त्यात असतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये सुरू केला. विज्ञानासाठी म्हणून सुरू झाला, पण गणिताचंही भरपूर आहे. पैसे लागत नाहीत, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चालतं, आणि त्यातलं बरंचसं मराठीत केलेलं आहे. कुणाकडे कॉम्प्युटर असेल तर फाईल उतरवून ठेवा, मग नेट नसलं तरी चालतं.

गुणाकारासाठी त्यात 'एरिया मॉडेल' नावाचं आहे. माझ्या लेकीने २४ × ३६ चं उत्तर ६२४ काढलं होतं. विसांची तीसाशी गाठ घातली, ६००. चारांची सहाशी, २४. झालं! शाळेच्या वहीत त्यावर लाल फुली होती, बाकी काही नाही. आम्ही मोबाईलवर २४ बाय ३६ चा आयत काढला. एक बाजू २० आणि ४ अशी तोडली, दुसरी ३० आणि ६ अशी. चार तुकडे पडले. ती दोन तुकड्यांवर बोट ठेवून म्हणाली, "हे आणि हे मी घेतलंच नाही की." २० × ६ म्हणजे १२०, ४ × ३० म्हणजे पुन्हा १२०. राहिलेले २४० तिथे पडून होते. मिळवले तर ८६४.

मला स्वतःला हसू आलं, कारण माझा धंदाच हा. जेकार्डचं डिझाईन म्हणजे चौकटींचा कागद: उभी रांग म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. पूर्वी ग्राफवर हाताने रंगवायचो, आता कॉम्प्युटरवर. आयुष्यभर चौकटी मोजल्या, पण पोरीला गुणाकार शिकवताना मात्र 'हातचा घे, हातचा घे' एवढंच ओरडत होतो. आता ती नुसत्या चौकटीच्या कागदावर चार रंगांनी करते, मोबाईल लागतही नाही. तुमच्याकडे एकच फोन आहे ना, मग हे पहिलं करून बघा.

अपूर्णांकांसाठी तिथेच 'फ्रॅक्शन्स: इंट्रो' आहे. गोल, आयत, केक, संख्यारेषा, हवं त्यात दाखवता येतं. एक छेद तीन मोठा की एक छेद चार? लेकीने चार म्हटलं, कारण तीनपेक्षा चार मोठा. हा गैरसमज भाकरीवरही मोडतो: चतकोर लहान की तिसरा हिस्सा, जेवताना कुणालाही कळतं. खरी अडचण पुढे येते. सात छेद चार एका भाकरीत दाखवणार कसं? इथे संख्यारेषा कामाला आली. तिने बोटाने एक-एक पाव पुढे नेत सात पाव मोजले आणि थांबली ती दोनच्या एक पाव अलीकडे. मी विचारलं, घड्याळात याला काय म्हणतात? "पावणेदोन!" सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द पोरांना येतात, फक्त ते अपूर्णांक आहेत हे कुणी सांगत नाही.

एक नियम मात्र पाळा. स्क्रीनला हात लावण्याआधी उत्तराचा अंदाज कागदावर लिहायला लावा. नाहीतर पोरं नुसती सरकवत बसतात, मजा येते, डोक्यात काही जात नाही. आणि पहिले काही दिवस शेजारी बसा. वीस मिनिटं पुरतात.

आमच्या सोलापूरची एक वेगळी गंमत. आमच्या घरात तेलुगू, शेजारी कानडी, शाळेत मराठी. तेलुगूत २१ म्हणजे 'इरवै ओकटि', आधी वीस, मग एक. कानडीतही 'इप्पत्तोंदु'. मराठीत मात्र 'एकवीस', एक आधी. त्यामुळे त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणारी पोरं आमच्या गल्लीत बरीच. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आणलं तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली, पण आमच्याकडच्या बायकांना त्यात नवल वाटलं नाही. असा घोळ असेल तर फेटमधलं 'मेक अ टेन' बघा, तिथे ६३ फोडला की साठ आणि तीन वेगळे होतात.

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की 'दीक्षा' या सरकारी अभ्यासाच्या ॲपवर धडा उघडतो. पुस्तकावर क्यूआर कोड ही कल्पना आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी राबवली. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. पण तिथे मी पाहिलं ते बहुतेक व्हिडिओ, हाताने करायचं कमी. उजळणीला ठीक.

आकृत्या आणि आलेख काढायची जिओजेब्रा आणि डेस्मॉस सगळे सांगतील. चांगली आहेत, पण पाचवीला घाई नको. आठवी-नववीला जिओजेब्रात त्रिकोणाचा कोपरा कसाही ओढला तरी तिन्ही कोनांची बेरीज १८० च राहते, ते बघायला मजा येते. सहावीत ऋण संख्या येतील तेव्हा पुस्तकातलं शून्याखालचं तापमान सांगून उपयोग नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार, मायनस कुणी बघितलंय? किराणा दुकानाची उधारी सांगा.

मराठी निवडायला फेटच्या पानावर भाषांतरांची यादी असते. एखादं नुसतं इंग्रजीत असलं तरी अडत नाही, त्यात शब्द फार थोडे असतात.