बुटाच्या सोलमध्ये एफएसआर (दाब पडला की रेझिस्टन्स बदलणारा पातळ सेन्सर) लावून शिअर फोर्स, म्हणजे आडवी ओढ, मोजता येतो का?
नाही, एकट्या एफएसआरने नाही जमणार. तो वरून दाब किती पडला तेवढंच सांगतो, पाय बुटात आडवा घसरला, कातडी ओढली गेली तर त्याला काही कळत नाही, आणि डायबेटिसवाल्यांच्या तळपायाला जखम होते त्यात ही ओढ पण कारण असते, म्हणून तुझा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे.

कपॅसिटिव्ह सेन्सर, म्हणजे प्लेटांमधल्या कपॅसिटन्सच्या (चार्ज साठवायच्या क्षमतेच्या) बदलावरून मोजणारा सेन्सर, बनवून पाहा. खाली फ्लेक्सिबल पीसीबीवर (वाकणाऱ्या सर्किट बोर्डवर) चार छोट्या कॉपर प्लेटा, मध्ये मऊ सिलिकॉनचा थर, वर एकच प्लेट जी चारही प्लेटांना अर्धवट झाकते. सरळ दाबलं की चौघींची कपॅसिटन्स सोबतच वाढते, पण आडवं ओढलं की वरची प्लेट सरकते, एका बाजूची वाढते अन् समोरची कमी होते, त्या फरकावरून ओढ किती आणि कोणत्या दिशेला ते निघते. सिलिकॉन कडक घेऊ नको, प्लेट सरकणारच नाही.

शिल्डिंग (बाहेरच्या विद्युत परिणामापासून आडोसा) नक्की कर, बदल पिकोफॅरडमधले, म्हणजे अगदी बारीक असतात, नुसता हात जवळ नेला तरी रीडिंग हलते. कॅलिब्रेशनला, म्हणजे माहीत असलेल्या ओढीशी रीडिंग जुळवायला, पुलीवरून दोरीने वजन लटकवलं तरी चालते, फक्त रीडिंग गरम असताना पण घे, मे महिन्यात आपल्या नागपुरात ४५ डिग्री जाते आणि बुटातला घाम वेगळाच.