खुर्चीआधी खतावणी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आनंद झाला, दुसऱ्यांदा काळजी वाटली. कॉलेजचा प्रेसिडेंट व्हायची इच्छा उत्तमच. पण चार पानांत मूल्यं, परिवर्तन असं पुष्कळ आहे आणि फीबद्दल एक ओळही नाही!

म्हणून तुला बेंजामिन मेझ यांचं सांगतो. अमेरिकेतल्या अटलांटाचं मोरहाउस हे कृष्णवर्णीय मुलांचं कॉलेज. मेझ तिथे १९४० साली प्रेसिडेंट झाले आणि थकलेल्या फीच्या मागे लागले. इतके, की मुलांनी त्यांचं 'बक बेनी' असं नाव पाडलं. बक म्हणजे डॉलर. आणि हा माणूस कोण? गुलामगिरीत जन्मलेल्या आईबापांचा मुलगा. स्वतःच्या शिक्षणासाठी रेल्वेच्या डब्यांत पोर्टरचं काम केलेला. फी भरताना जीव कसा मेटाकुटीला येतो हे त्यांना माहीत होतं, आणि ती आली नाही तर प्राध्यापकांचे पगार अडतात हेही. मला यातलं दुसरं कळायला खुर्चीत बसल्यावर दोन वर्षं लागली.

पुढे महायुद्ध आलं. मुलं सैन्यात गेली, वर्ग ओस पडू लागले. तेव्हा मोरहाउसने शाळा पुरी न झालेल्या हुशार मुलांना परीक्षा घेऊन प्रवेश द्यायला सुरुवात केली. जागा भरायच्या होत्या, त्यात उदात्त असं काही नव्हतं. त्या वाटेने १९४४ साली पंधरा वर्षांचा एक मुलगा आत आला: मार्टिन ल्यूथर किंग.

मेझ दर मंगळवारी सकाळी कॉलेजच्या प्रार्थनागृहात मुलांपुढे बोलत. गांधीजींना ते भारतात येऊन भेटून गेले होते. भाषण संपलं की किंग वाद घालत त्यांच्या ऑफिसपर्यंत जायचा. इथे जरा थांब. वसुली, रिकामे वर्ग, देणगीदार हे सगळं डोक्यावर असताना या गृहस्थांनी एका पोराशी वाद घालायला वेळ ठेवला होता. माझ्या डायरीत तसा एकही मंगळवार नव्हता. त्याची खंत अजून आहे.

१९६७ साली, सत्तावीस वर्षांनी, ते निवृत्त झाले. पुढच्याच एप्रिलमध्ये किंगच्या अंत्यविधीचं भाषण त्यांनी मोरहाउसच्याच आवारात केलं. जो मागे राहील त्याने दुसऱ्यासाठी बोलायचं, असं दोघांचं ठरलेलं होतं. त्यानंतर घरी बसले म्हणशील तर तेही नाही. अटलांटाच्या शाळा मंडळाचं अध्यक्षपद कित्येक वर्षं सांभाळलं.

आणि मोरहाउसला येण्याआधी सहा वर्षं ते हॉवर्ड विद्यापीठात धर्मशास्त्र विभागाचे डीन होते. तुझ्याकडे विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय म्हणालास ना? अर्ज कर. बजेट समितीवरही नाव घाल. तिथे कुणी हौसेने जात नाही, त्यामुळे लगेच घेतील.

तुझा,
एक निवृत्त प्राचार्य