घाट उतरताना न्यूट्रल? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जून उजाडला की ताम्हिणी, माळशेज आणि आंबोलीचे बेत ठरतात आणि माझ्याकडे तेच ते प्रश्न नव्याने येऊ लागतात.

प्रश्न: अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर आधी कोणी थांबावे?

उत्तर: उतरणाऱ्याने, चढणाऱ्या वाहनाला वाट देणे हा नियमच आहे.

प्रश्न: घाट उतरताना न्यूट्रल केल्यास पेट्रोल वाचते, असे आमचा चालक सांगतो. एप्रिलमध्ये खाली पोहोचताना ब्रेकचे पेडल मऊ लागले आणि जळका वास आला. नंतर सगळे ठीक झाले म्हणून गाडी दाखवली नाही. काही काळजीचे आहे का?

उत्तर: आहे, आणि आपण दोन महिने उगाच घालवले आहेत. आधी पेट्रोलविषयी. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर इंधनाचा पुरवठा सहसा तोडला जातो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते इंधन जळतच असते. तेव्हा बचतीची ही गोष्ट ऐकीव आहे आणि ती कोणी तपासून पाहत नाही. खरा धोका पुढे आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव सुटतो आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापत जातो, पॅडची पकड कमी होते आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे ऑइल हवेतील ओल शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १४० अंश आहे. ऑइल उकळले की नळ्यांत वाफ होते, पायाचा दाब वाफेतच जिरतो आणि पेडल तळाला टेकले तरी गाडी आवरत नाही. थंड झाल्यावर पेडल पूर्ववत होते, म्हणूनच लोक निर्धास्त राहतात. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा दंडक आजही उपयोगी आहे. ऑटोमॅटिक गाडीत त्यासाठी खालचा गिअर निवडावा. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरू नये; वेग वाढला की ठामपणे दाबून सोडावा. ऑइल साधारणपणे दोन वर्षांनी बदलतात, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील मुदत पाहावी. मात्र आता गाडी घाटात नेण्यापूर्वी जाणत्या मेकॅनिककडून ऑइल, पॅड आणि डिस्क तपासून घ्या, आणि घडले ते त्याला जसेच्या तसे सांगा.

प्रश्न: टायर फुटू नये म्हणून पंपावर पैसे देऊन नायट्रोजन भरण्याचा आग्रह धरतात. भरावा का?

उत्तर: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो. टायर थंड असताना गाडीवर छापलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरा. टायरला चीर किंवा फुगवटा असेल, तर कोणत्याही वायूने तो बरा होत नाही, टायरवाल्यालाच दाखवा.

प्रश्न: धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालवणे योग्य का?

उत्तर: नाही. त्यामुळे आपण कोणत्या बाजूला वळणार, हे मागच्याला कळत नाही. लो बीम व फॉग लॅम्प लावा. हाय बीमचा उजेड धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो. काहीच दिसेनासे झाले, तर वळण टाळून रस्त्याबाहेर रुंद जागी थांबा आणि तेव्हा चारही लावा.

प्रश्न: मला गाडी लागते. उलटीची गोळी घेऊन घाटात चालवू का?

उत्तर: नको, अशा अनेक गोळ्यांनी गुंगी येते. डॉक्टरांना विचारा आणि त्या दिवशी चाक दुसऱ्याच्या हाती द्या.